अग्रणी खोऱ्याची अथणीकडची बाजू: पुनर्भरण नकाशाच्या कामाच्या नोंदी

३ एप्रिल

कामाची हद्द ठरवली. अग्रणी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात उगम पावते, कवठेमहांकाळच्या शिवारातून खाली येते, कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी तालुक्यात शिरते आणि कृष्णेला मिळते. आपल्याला नकाशा हवा आहे तो अथणीकडच्या गावांसाठी, पण तो तालुक्याच्या रेषेवर कापायचा नाही. खाली ज्या विहिरी आहेत त्यांना पाणी देणारे माळ बरेचदा वरच्या अंगाला, म्हणजे महाराष्ट्रात आहेत. हद्दीवर नकाशा संपवला तर विहीर नकाशात आणि तिचा माळ नकाशाबाहेर, अशी गत होईल. म्हणून पाणलोटाची रेषा हीच कामाची रेषा, आणि तिच्या बाहेर २ किलोमीटरचा पट्टा जास्तीचा घ्यायचा. उतार आणि नाल्यांची गणितं कडेला बिघडतात, तो बिघाड त्या पट्ट्यात राहू दे.

आणखी एक गोष्ट आजच लिहून ठेवतो, कारण पुढं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. पाणी कुठं सापडतं हा एक प्रश्न आणि पाणी कुठून मुरतं हा दुसरा. बाजारात मिळणारे बहुतेक ‘भूजल क्षमता’ नकाशे पहिल्याचं उत्तर देतात. आपल्याला दुसऱ्याचं हवं आहे. बोअरला पाणी चांगलं लागलं ही पुनर्भरणाची खूण नव्हे. ते पाणी तीन मैलांवरच्या माळावरून आलेलं असू शकतं.

५ एप्रिल

उंचीचा डेटा: एसआरटीएम (अवकाशातून रडारनं मोजलेली उंची), ३० मीटरच्या चौकटींचा. या खोऱ्याला १६ आणि १७ अक्षांश, ७४ आणि ७५ रेखांश अशा चार फाइली लागतात. चारही जोडून मग ईपीएसजी ३२६४३, म्हणजे यूटीएम विभाग ४३ उत्तर या मीटरात मोजणाऱ्या प्रोजेक्शनमध्ये आणल्या. नव्या चौकटी भरताना उंचीसाठी बायलिनियर (शेजारच्या चौकटींची सरासरी) आणि वर्गाच्या फाइलींसाठी, म्हणजे माती, जमीन वापर वगैरेंसाठी, निअरेस्ट (सर्वांत जवळच्या चौकटीचा आकडा तसाच). उलटं केलं तर मातीच्या वर्ग २ आणि वर्ग ४ च्या कडेला वर्ग ३ आपोआप तयार होतो आणि तो जमिनीवर कुठंच नसतो.

उतार काढण्याआधी प्रोजेक्शन बदललंच पाहिजे. अक्षांश-रेखांशात ठेवून उतार काढला तर आडवं अंतर अंशात, उभं मीटरमध्ये, आणि सगळा मुलूख नव्वद अंशाचा कडा दिसतो. हे लगेच कळतं. कळत नाही ते दुसरं: जीईसी-२०१५ या भूजल अंदाजाच्या पद्धतीत २० टक्क्यांपेक्षा जास्त उताराची डोंगराळ जमीन पुनर्भरणातून वगळतात. नकाशाचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस मात्र उतार अंशात देतं. २० टक्के म्हणजे ११.३ अंश. २० अंशावर चाळणी लावली तर डोंगराची सगळी धार पुनर्भरण क्षेत्रात घुसते.

उंचीच्या फाइलीतले खोटे खड्डे भरताना वँग-लिउची रीत वापरली. नाला सुरू होण्याची मर्यादा १००० चौकटी धरली. एक चौकट ९०० चौरस मीटर, तेव्हा ०.९ चौरस किलोमीटर. कालव्याचे आणि रस्त्याचे भराव धरणासारखे आडवे येतात, तिथं नाला भलतीकडं वळतो. अशा जागा गावनकाशाशी ताडून हातानं कापल्या.

९ एप्रिल

तक्ते जुळवणं. या कामाला कोणी मान देत नाही, पण निम्म्या चुका इथंच होतात.

पहिली चूक नावाची. खानापूर दोन आहेत, एक सांगलीचं आणि एक बेळगावचं. पावसाच्या तक्त्यात नावावरून जोडणी केल्यावर कोरड्या अग्रणीच्या उगमावर सह्याद्रीच्या घाटमाथ्याचा पाऊस पडला. यापुढं नावावरून जोडणी नाही. प्रत्येक ठिकाणाला आपला क्रमांक आणि अक्षांश-रेखांश. गावांची नावं कागदपत्रांत इकडे कन्नडमध्ये, तिकडे मराठीत, आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक खात्याचं वेगळं, त्यामुळं तसंही दुसरा मार्ग नाही.

दुसरी चूक क्षेत्राची. कर्नाटकच्या उताऱ्यावर १.२० म्हणजे १ एकर २० गुंठे, ४० गुंठ्यांचा एकर धरून दीड एकर, साधारण ०.६१ हेक्टर. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर. एकाच रकान्यात दोन्ही टाकले की एका बाजूची शेतं दुप्पट होतात. गुंठा आणि आर मात्र जवळजवळ सारखेच: १०१ आणि १०० चौरस मीटर. म्हणून सगळं आधी गुंठ्यात आणि आरमध्ये उतरवून मग चौरस मीटर केलं.

१२ एप्रिल

थरांची यादी. कोरड्या किनारपट्टीसाठी, कच्छ-सौराष्ट्रासारख्या मुलखासाठी, जी यादी वापरतात ती समोर ठेवून सुरुवात केली, कारण पाऊस तिथंही कमी आणि उपसाही तसाच. पण ती यादी जशीच्या तशी उचलता येत नाही. किनाऱ्यावर समुद्रापासूनचं अंतर आणि क्षारता हे दोन थर निर्णायक असतात. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल तर गोड पाण्याचा थर समुद्रसपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत जातो, त्यामुळं पातळी १ मीटर खचली की खालचं खारं पाणी ४० मीटर वर सरकायला बघतं. तिथला पुनर्भरणाचा नकाशा म्हणजे खारं पाणी थोपवायच्या जागांचा नकाशा असतो.

आपल्याकडं समुद्र नाही, पण खारं पाणी आहे. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात पाणी जास्त झाल्यानं जमिनी चोपण झाल्यात. तिथल्या विहिरींची क्षारता बघून ‘इथं मुरत नाही’ असा निष्कर्ष काढला तर चूक. मुरतंय, पण पाटाचं पाणी मुरतंय. म्हणून समुद्राच्या अंतराचा थर काढून टाकला आणि त्या जागी कालव्याच्या आणि उपसा योजनांच्या लाभक्षेत्राचा थर घातला. वर म्हैसाळ योजनेचं पाणी नाल्यांत आणि तलावांत सोडतात, खाली हिप्परगी बंधाऱ्याच्या पाण्यावरचा पट्टा. हा थर गुण देण्यासाठी नाही, वेगळं काढण्यासाठी.

पाऊसही गुणांकनातून काढला. उपग्रहाच्या पावसाची एक चौकट साडेपाच किलोमीटरची, एवढ्याशा खोऱ्यात ती चौकोनी ठिगळं लावते, बाकी काही सांगत नाही. सबंध बेळगाव जिल्हा एकत्र घेतला तर उलट अडचण: कणकुंबीचा पाऊस आणि अथणीचा पाऊस यांत इतकं अंतर आहे की पावसाचा थर बाकी सगळं गिळून टाकतो, पश्चिम हिरवी आणि पूर्व लाल. आणि पश्चिमेचा जांभा खडक पाणी घेतो तसं झऱ्यांवाटे सोडूनही देतो. तिथलं मुरलेलं आणि इथलं मुरलेलं एका मापानं मोजायचं नाही.

राहिले सहा: खडक व भूरूप, मातीची जात व जाडी, उतार, भेगांच्या रेषा, जमीन वापर, नाल्यांची घनता.

१८ एप्रिल

मातीचा थर लावल्याबरोबर राज्याची हद्द नकाशावर स्पष्ट उमटली. एका बाजूला ‘मध्यम’, दुसऱ्या बाजूला ‘खोल’, मध्ये सुरीनं कापल्यासारखी रेष. जमीन अशी नसते. दोन्हीकडचे नकाशे १:२५०,००० मापाचे, वेगवेगळ्या वर्गवारीचे. एक नियम करून टाकला: कोणत्याही थरात राज्याची रेषा दिसली तर तो थर वापरायचा नाही.

दुरुस्तीसाठी हद्दीच्या दोन्ही अंगांना ऑगरनं, म्हणजे मातीच्या गिरमिटानं, भोकं घेतली, माळ, मध्य आणि नालाकाठ अशा ओळीत. लिहायचं एवढंच: मुरूम किती खोलीवर लागला, माती काळी की तांबडी, चुनखडीचे खडे आहेत का. एप्रिलमध्ये रानं मोकळी असतात, त्यामुळं सेंटिनेल-२ च्या १० मीटरच्या चित्रात काळी आणि मसारी डोळ्यांना वेगळी दिसते. भोकांच्या आधारानं रेषा नव्यानं आखल्या. जाडीचे तीन वर्ग पुरे: अर्ध्या मीटरच्या आत, अर्धा ते दीड, दीडच्या वर. याहून बारीक वर्ग केले तर ते ऑगरनं सिद्ध करता येणार नाहीत.

२ ते ९ मे

विहीर नोंदणी. बोअर बघून खडक कळत नाही. कडं न बांधलेली जुनी विहीर मात्र उघडा छेद असते. प्रत्येक विहिरीला हे लिहायचं: कठड्याची उंची, व्यास, एकूण खोली, पाण्याची पातळी, झरे कोणत्या खोलीवर आणि कोणत्या बाजूनं, आणि वरून खाली थर.

पातळी घेताना होणाऱ्या चुका. टेप कठड्यावरून सोडतात आणि कठडा वजा करायला विसरतात, तिथंच ०.६ ते १ मीटर गेले. मोटार बंद करून दहा मिनिटांत घेतलेली पातळी ही विहिरीची पातळी नव्हे. किमान १२ तास उपसा बंद हवा, शेजारच्या बांधावरच्या बोअरचासुद्धा. थ्री फेज लाइट कधी येते हे गावात विचारून त्याआधी पहाटे घेणं सगळ्यात सोपं. स्टीलच्या टेपला शेवटचा मीटरभर खडू फासला की ओली रेष नीट वाचता येते. झऱ्याचं पाणी कडेवरून टपकत असेल तर खडू वरूनच भिजतो, तिथं वाजणारा साउंडर वापरायचा.

विहीर अथ-०७ चा छेद नमुन्यादाखल: माती ०.४ मीटर, मुरूम ३ मीटरपर्यंत, मग भेगाळ खडक ७.५ पर्यंत, त्याखाली काळा कातळ, ११.२ ते ११.८ तांबडा मऊ थर, त्याच्याखाली मांजऱ्या (बारीक छिद्रांचा बेसॉल्ट). मे महिन्यातही बारीक ओल होती ती नेमकी तांबड्या थराच्या डोक्यावर, पश्चिमेच्या बाजूनं. बोटानं दाबलं तर तो थर साबणासारखा लागतो, सुकलेला तुकडा पाण्यात टाकला की फुगून विरघळतो. लाव्हाच्या दोन थरांमधला हा गेरूसारखा पदार्थ. पाणी त्यातून खाली जात नाही, त्याच्यावरून आडवं पळतं. या एका थराची उंची किती विहिरींत मिळते यावर पुढचं काम ठरेल, म्हणून यापुढं प्रत्येक विहिरीत तो शोधायचाच.

ठिकाणाची नोंद मोबाइलवर चालते, आडवी चूक ३ ते ५ मीटर. उंची मोबाइलवरून घ्यायची नाही. एसआरटीएमची उंचीही दहा-पंधरा मीटर इकडंतिकडं असू शकते. ज्या विहिरींत तांबडा थर दिसला तेवढ्यांना ऑटो लेव्हलनं (उंचीतला फरक मोजायच्या दुर्बिणीनं) एकमेकींशी जोडलं.

१५ मे

दुहेरी कड्यांची चाचणी, माळावर: जमीन किती वेगानं पाणी मुरवते ते मोजायला. आतलं कडं ३० सेंटिमीटर, बाहेरचं ६०, पत्रा ३ मिलिमीटर. १० सेंटिमीटर आत ठोकायचं असं सगळीकडं लिहिलेलं असतं, पण मुरमात ठोकलं की कडं वाकतं आणि खालचा मुरूम भेगाळतो, मग पाणी त्या भेगेतून पळतं आणि आकडा फुगतो. इथं ठोकायचं नाही. टिकावाच्या टोकानं ५ सेंटिमीटरची गोल चर कोरायची, कडं बसवायचं, आणि काळ्या मातीचा घट्ट चिखल करून बाहेरून लिंपायचं. स्पिरिट लेव्हलनं बघायचं, नाहीतर एका बाजूला पाणी खोल राहतं.

पाण्याचा हिशेब आधी करून निघावं. आतल्या कड्यात १ लिटर म्हणजे सुमारे १४ मिलिमीटर. दोन्ही कडी मिळून १ सेंटिमीटर पाण्याला २.८ लिटर. सुरुवातीचं १० सेंटिमीटर भरायला २८ लिटर, आणि ताशी ६० मिलिमीटर गतीनं तीन तास म्हणजे आणखी ५१. म्हणून एका जागेला २०० लिटरचं एक पिंप. पाणी शक्यतो त्याच शिवारातल्या गोड विहिरीचं. सोडियम जास्त असलेल्या पाण्यानं चिकण फुटते, छिद्रं बुजतात आणि जमीन आहे त्यापेक्षा वाईट दिसते.

वाचन पहिली दहा मिनिटं दर २ मिनिटांनी, मग ५, मग १५. लागोपाठ तीन वाचनं सारखी आली की थांबायचं. बाहेरच्या कड्यातली पातळी आतल्याएवढीच ठेवायची, नाहीतर आतलं पाणी बाजूला पसरतं.

१७ मे

काळ्या रानात चाचणी घेतली आणि ती रद्द केली. भेगा मनगट जाईल एवढ्या. पिंपभर पाणी पाहता पाहता गेलं, पातळी धरलीच नाही. हा आकडा नकाशात घातला असता तर खोऱ्यातली सगळ्यात चिकण जमीन सगळ्यात जास्त पाणी मुरवणारी ठरली असती. वळवाच्या पहिल्या सरीला हे खरंही असतं, भेगांतून थोडं पाणी खाली जातं. पण माती भिजून भेगा मिटल्या की दार बंद. पुन्हा ऑगस्टमध्ये, माती पोटभर भिजल्यावर.

८ जून

मृगाच्या पावसाआधी पावसाचं पाणी गोळा करायचे तीन फनेल बसवले: माळावर, मध्ये आणि नदीकाठी. फनेलखाली बाटली, बाष्पीभवन होऊ नये म्हणून फनेलच्या तोंडात पिंगपाँगचा चेंडू. जमिनीपासून दीड मीटर वर, नाहीतर धुळीचे शिंतोडे उडतात. कामाचा हेतू क्लोराइड. पावसातलं क्लोराइड आणि विहिरीतलं क्लोराइड यांच्या गुणोत्तरावरून वार्षिक पुनर्भरण काढता येतं.

२१ जुलै

पहिला एकत्रित नकाशा. प्रत्येक थराचा भार, शंभरपैकी: खडक व भूरूप २८, माती २४, उतार १८, भेगांच्या रेषा १२, जमीन वापर १०, नाल्यांची घनता ८. जोडीजोडीनं तुलना करून काढलेले, सुसंगतीचं गुणोत्तर ०.१० च्या आत आहे का ते तपासलं. सहा घटकांसाठी यादृच्छिक निर्देशांक (तक्ता कसाही भरला तर येणारी सरासरी विसंगती) १.२४ धरतात. गुणोत्तर आत बसलं म्हणजे आपली मतं एकमेकांशी जुळतात एवढाच त्याचा अर्थ. ती मतं जमिनीशी जुळतात की नाही, हे त्यातून कळत नाही.

नकाशात उसाचा पट्टा गडद हिरवा, ‘उत्तम’. दोन कारणं सापडली. एक, जमीन वापरात हिरवेपणाला जास्त गुण दिले होते. एप्रिलमध्ये हिरवं दिसणारं रान म्हणजे पाणी उपसून हिरवं ठेवलेलं रान. तो उपशाचा पुरावा आहे. आता फक्त जिरायत, पड, बांधबंदिस्ती आणि वस्ती असे वर्ग ठेवले, ऊस लाभक्षेत्राच्या थरात टाकला. दुसरं, नाल्यांच्या घनतेची फाइल उलटी लागली होती. दाट नाले म्हणजे पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं, तिथं कमी गुण हवेत. प्रत्येक थराची किमान आणि कमाल जागा मूळ नकाशात बघून घ्यायची सवय लावली आहे.

भेगांच्या रेषांतही गाळणी लावली. चार दिशांच्या उजेडानं हिलशेड (जमिनीच्या उंचसखलपणाचं छायाचित्र) काढून रेषा ओढल्या होत्या. त्यातल्या कितीतरी कालवे, रस्ते आणि बांध निघाले. जी रेषा दोनपेक्षा जास्त दिशांच्या उजेडात दिसते आणि जिच्यावर नाला वळून सरळ रेषेत वाहतो, तीच ठेवली.

२६ ऑगस्ट

काळ्या रानातल्या चाचण्या पुन्हा. आता पातळी हलताना डोळ्याला दिसत नाही, हूक गेजशिवाय (आकडीच्या टोकानं पाण्याची पातळी वाचणारी बारीक मोजपट्टी) वाचता येत नाही. चिकण मातीसाठी पुस्तकात ताशी १ ते ५ मिलिमीटर देतात, आपलं वाचन त्याच पट्ट्यात. मे महिन्याचं रद्द वाचन फाइलमध्ये ठेवलं आहे, कारणासह.

४ ऑक्टोबर

हस्ताचा पाऊस चांगला. या मुलखात पावसाचा भर दोनदा असतो, जूनमध्ये आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि मुरण्याच्या दृष्टीनं दुसरा महत्त्वाचा: माती आधीच भिजलेली, पिकाची ओढ कमी होत आलेली.

पाऊस थांबल्यावर चोवीस तासांनी खोरं फिरलो. काळ्या रानात सरीत पाणी उभं. माळावर मुरमाच्या वाटा कोरड्या, पाय भरत नाही. पण नालाकाठच्या अथ-११ ची पातळी हलली नव्हती आणि माळाच्या पायथ्याची अथ-०७ चढली होती. तिथले विहीरमालक पूर्वीपासून हेच सांगत होते, की मळ्यात कितीही पडलं तरी विहिरीला फरक नाही, माळावर पडलं तर दोन दिवसांत झरा बोलतो. आता ते आकड्यात आलं.

१० नोव्हेंबर

पावसाळ्यानंतरच्या पातळ्या. मे ते नोव्हेंबर चढ × विशिष्ट उत्पन्न (खडकाच्या आकारमानातला पाणी सोडणारा वाटा) × क्षेत्र, हे साधं गणित. भेगाळ, झिजलेल्या बेसॉल्टला २ टक्के धरतात. समजा १ चौरस किलोमीटरवर पातळी ४ मीटर चढली, तर ८०,००० घनमीटर, म्हणजे ८ कोटी लिटर, म्हणजे ८० मिलिमीटर. वर्षाचा पाऊस ५५० मिलिमीटर असेल तर साडेचौदा टक्के. पावसाच्या टक्केवारीच्या जुन्या पद्धतीत (जीईसी-१९९७) सच्छिद्र, सांध्यांच्या बेसॉल्टला १३ आणि झिजलेल्याला ७ टक्के देत, तेव्हा हा आकडा वेडावाकडा नाही. पण पावसाळ्यातला उपसा त्यात मिळवायचा आणि पाटाचं मुरलेलं वजा करायचं, तरच तो पावसाचा.

इथं एक मोठा फसवा भाग आहे. चढ जास्त म्हणजे पुनर्भरण जास्त, असं सरसकट धरता येत नाही. तेच ८० मिलिमीटर पाणी १ टक्क्याच्या खडकात ८ मीटर चढ दाखवतं आणि २ टक्क्यांच्या खडकात ४. कठीण खडकातली विहीर लवकर भरते आणि लवकर रिकामी होते, भांडंच लहान. म्हणून विहिरी खडकानुसार वेगळ्या करून मगच तुलना. ज्यांच्या ५०० मीटरच्या आत योजनेचं पाणी सोडलेला नाला आहे त्या या हिशेबातून बाहेर.

१९ नोव्हेंबर

क्लोराइड. नमुना ५० मिलिलिटर, सिल्व्हर नायट्रेट ०.०१४१ नॉर्मल, पोटॅशियम क्रोमेट दर्शक. १ मिलिलिटर खर्च म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम. पीएच ७ ते १० च्या दरम्यान हवा. पिवळ्याचं विटकरी व्हायला लागलं की थांबायचं, गडद होईपर्यंत थांबलं तर जास्तीचं मोजलं. रसायन तपकिरी बाटलीत, हातमोजे घालून. क्रोमेटचं पाणी गटारात ओतायचं नाही.

पावसाचं पाणी असं मोजता येत नाही. लिटरला दीड मिलिग्रॅम असेल तर ब्युरेट फक्त ०.१५ मिलिलिटर सरकेल. ५०० मिलिलिटर मंद आचेवर ५० पर्यंत आटवून मग मोजलं.

गणित: ५५० × १.५ ÷ विहिरीतलं क्लोराइड. विहिरीत ४० असेल तर २१ मिलिमीटर. हा आकडा पातळीच्या पद्धतीपेक्षा बराच कमी आला आणि कारण खतात सापडलं. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ५० किलोच्या पोत्यात सुमारे २३ किलो क्लोराइड. एकरी एक पोतं म्हणजे चौरस मीटरला ५.७ ग्रॅम. आणि वर्षभराचा पाऊस देतो चौरस मीटरला ०.८ ग्रॅम. एका पोत्यात सात वर्षांच्या पावसाचं क्लोराइड! शेतातल्या विहिरीवर ही पद्धत लावली की पुनर्भरण कमीच दिसणार. किनाऱ्यावर हाच घोळ समुद्राच्या फवाऱ्यानं होतो, इथं खतानं. म्हणून फक्त माळावरच्या, वरच्या अंगाला शेती नसलेल्या विहिरी आणि झरेच यात धरले. संख्या कमी झाली, पण आकडे आता पातळीच्या हिशेबाजवळ येतात.

५ डिसेंबर

रोधकता चाचणी, म्हणजे जमिनीत वीज सोडून खालचे थर ओळखणं, शलंबर्जर मांडणी, टोकाच्या खुंट्यांचं अर्धं अंतर १०० मीटरपर्यंत. कोरड्या मुरमात खुंटी पकड घेत नाही, मिठाचं पाणी ओतून पाच मिनिटं थांबावं लागतं. ओली काळी माती १० ओहम-मीटरच्या आत, झिजलेला खडक २० ते ४५, भेगाळ ४० ते ७०, आणि ७० च्या पुढं अखंड कातळ. हे पट्टे एकमेकांवर चढतात, आणि खारं पाणी असेल तर भेगाळ खडकही मातीसारखा दिसतो.

ज्यासाठी केली ते मात्र यातून मिळालं नाही, आणि मिळणारही नव्हतं: तांबडा थर अर्धा मीटर जाड, दहा-बारा मीटर खाली. इतका पातळ थर जमिनीवरून वेगळा दिसत नाही, शेजारच्या थरांत विरतो. तो विहिरीतच बघायला हवा. विहिरींची ऑटो लेव्हलची उंची कामी आली ती इथं. लाव्हाचे थर जवळजवळ आडवे असतात, पण अगदी आडवे नव्हेत. तीन विहिरींत तांबड्या थराच्या डोक्याची उंची काढली, तिन्हींतून एक सपाट प्रतल बसवलं, आणि ते प्रतल डोंगराच्या अंगाला जमिनीला जिथं छेदतं ती रेष नकाशावर काढली. चौथ्या आणि पाचव्या विहिरीवर तपासली. मग त्या रेषेनं चाललो. ओढ्याच्या दरडीत दोन ठिकाणी तांबडा पट्टा उघडा सापडला, खाली मांजऱ्या खडक.

याचा अर्थ नकाशासाठी फार मोठा आहे. रेषेच्या वरच्या माळावर मुरलेलं पाणी तांबड्या थरावरून सरकतं आणि वरच्या थरातल्या विहिरींना व ओढ्यांना मिळतं. त्याखालच्या सच्छिद्र थराला, म्हणजे बोअरना पाणी देणाऱ्या थराला, दार उघडं आहे ते रेषेच्या खालच्या अरुंद पट्ट्यातच. सहा थरांची बेरीज हे सांगत नव्हती, तिनं दोन्ही माळांना एकच रंग दिला होता.

२० डिसेंबर

नकाशा दुरुस्त. ‘पुनर्भरण’ हा एक वर्ग मोडून दोन केले: उथळ विहिरींचा माळ आणि खोल थराचं दार. बाकी अपधाव (पाणी वाहून जातं ती जमीन) आणि साठवण (पाणी येऊन थांबतं ती). खडकाचा भार ३२ केला, रेषांचा ८.

पडताळणी बोअरच्या उत्पन्नावर केली नाही, कारण ३ एप्रिलला लिहिलं तेच. खडकानुसार वेगळ्या केलेल्या विहिरींचा चढ, मिलिमीटरमध्ये बदलून, वर्गवार मांडला. अपधाव आणि साठवण या वर्गांत विहिरी कमी आहेत, तिथं निष्कर्ष सैल आहेत. तसं नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं.

९ जानेवारी

गावांना द्यायचा नकाशा १:१०,००० मापाचा, सर्व्हे नंबर आणि गट नंबर दोन्ही छापून, कन्नड आणि मराठी दोन्ही लिपींत. ३० मीटरच्या डेटावर यापेक्षा मोठं माप केलं तर बांधाबांधाचा निवाडा केल्यासारखं दिसेल आणि तेवढी त्याची ताकद नाही. कडा रेषेनं न दाखवता ५० मीटरच्या फिकट पट्ट्यानं दाखवल्या.

खोल थराच्या दाराचा पट्टा वेगळ्या तिरप्या रेघांनी. या पट्ट्यात तीन ठिकाणी मुरमाच्या खाणी चालू आहेत आणि दोन ठिकाणी माळ सपाट करून वरून तळ्यातली काळी माती पसरली आहे, ऊस लावायला. मुरूम अखंड कातळापर्यंत खरवडून नेला की पाणी धरायला काही उरत नाही, आणि दीड फूट काळी माती पसरली की २६ ऑगस्टचं वाचन तिथं लागू होतं. या पाच जागा ग्रामपंचायतींना वेगळ्या पानावर, सर्व्हे नंबरसह दिल्या. गाळ काढलेली माती टाकायला कुठली रानं चालतील तेही त्याच पानावर लिहिलं: तिरप्या रेघांच्या बाहेर, साठवण वर्गातली, उतार ३ टक्क्यांच्या आत.

मेच्या पहिल्या आठवड्यात त्याच विहिरी, त्याच क्रमानं, पहाटे. अथ-०७ च्या कठड्याचं बांधकाम झालं आहे, नवी उंची मोजून मगच वाचन.